सुट्ट्यांचा घोळ आणि युनियन: रायनएअरच्या वैमानिकांचं प्रकरण

१५ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. रायनएअरने जाहीर केलं की पुढचे सहा आठवडे रोज ४० ते ५० उड्डाणं रद्द होणार. तेव्हा वर्षाला जवळपास १३ कोटी प्रवासी नेणारी ही आयरिश कंपनी म्हणजे युरोपातल्या स्वस्त विमानप्रवासाचा चेहरा. वादळ नव्हतं, संप नव्हता, विमानांत दोष सापडला नव्हता. कारण इतकं घरगुती होतं की आधी कुणाला खरंच वाटेना: वैमानिकांच्या सुट्ट्या वर्षात कशा बसवायच्या याचं गणित कंपनीच्या हातून चुकलं होतं.

बरोबर तीन महिन्यांनी, १५ डिसेंबरला, याच कंपनीने वैमानिकांच्या युनियनना मान्यता द्यायला तयार असल्याचं कळवलं. तोही शुक्रवारच. तीस वर्षांहून अधिक काळ तिने एकाही युनियनला दारात उभं केलं नव्हतं. प्रमुख मायकल ओ'लिअरी यांची या विषयावरची वक्तव्यं गाजलेली होती. युनियनशी बोलण्याची वेळ येण्याआधी नरक गोठेल, अशा थाटाची.

डब्लिनच्या वैमानिकांची कोर्टकचेरी २००४ पासूनची. म्हणजे तेरा वर्षांत जे झालं नाही ते तेरा आठवड्यांत झालं. वैमानिक तर पूर्वीही नाराज होते, मग २०१७ मध्ये नवीन काय घडलं? या प्रकरणाकडे लोक ‘अखेर कामगार एक झाले’ अशा कौतुकाने पाहतात. मला ते अर्धंच पटतं.

घडण

रायनएअरचं तेव्हाचं यंत्र समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. एकाच जातीची विमानं, बोइंग ७३७. उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत २५ मिनिटं. युरोपभर ८० हून अधिक बेस, आणि विमान व वैमानिक दोघंही रात्री आपापल्या बेसवर परत. हॉटेलचा खर्च नाही, भत्ता नाही.

यात वैमानिकाचंही काही भलं होतं, हे आधी मान्य करायला हवं. पाच दिवस काम, चार दिवस सुट्टी असं ठरलेलं रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, या धंद्यात सहज मिळत नाही. रोज घरी झोपायला मिळतं. बेस वाढत होते, त्यामुळे फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, कॅप्टन व्हायला मोठ्या जुन्या कंपन्यांइतकी वाट पाहावी लागत नसे. युनियन नको म्हणणारे सगळे घाबरलेले होते असं समजणं चूक ठरेल. काहींचं खरंच बरं चाललं होतं.

पण याच घडणीने माणसं वेगळी पाडली होती. पगार आणि रोस्टर यांची बोलणी बेसनिहाय व्हायची. प्रत्येक बेसवर वैमानिकांचीच एक छोटी समिती, तिला ईआरसी म्हणत, आणि कंपनी बोलणार ती त्या समितीशीच. इटलीतल्या बेर्गामोला काय मिळालं हे बेल्जियममधल्या शार्लरुआला अधिकृतपणे कळायचं काही साधन नाही. त्यात अनेक वैमानिक कंपनीचे नोकरच नव्हते. ते एजन्सीमार्फत यायचे, स्वतःच्या नावाने छोटी कंपनी काढायचे आणि उडवलेल्या तासांचे पैसे घ्यायचे. कॉकपिटमध्ये दोघं खांद्याला खांदा लावून बसलेत. एक रायनएअरचा पगारदार, दुसरा कागदोपत्री स्वतःच स्वतःचा मालक. संप करायचा म्हटला तर त्या दुसऱ्याने कुणाविरुद्ध करायचा?

आणि बेस कुठेही असो, करार आयरिश कायद्याखालचा. विमान आयर्लंडमध्ये नोंदलेलं, म्हणून कामाची जागाही आयर्लंड, असा कंपनीचा युक्तिवाद होता.

आधीचे प्रयत्न का फसले

१९९८ च्या सुरुवातीला डब्लिन विमानतळावर सामान चढवणाऱ्या कामगारांनी युनियनच्या मान्यतेसाठी संप केला. बाकीचे कामगार पाठिंब्याला उतरले आणि मार्चमध्ये विमानतळ काही काळ बंदच पडला. कंपनीने मान्यता मात्र दिली नाही.

वैमानिकांची पाळी २००४ मध्ये आली. डब्लिनच्या ताफ्यात जुन्या ७३७-२०० च्या जागी नवी ७३७-८०० यायची होती आणि प्रशिक्षण आवश्यक होतं. कंपनीने नोव्हेंबरमध्ये पत्र दिलं: प्रशिक्षणाचे १५ हजार युरो आम्ही भरतो, पण पाच वर्षांच्या आत नोकरी सोडलीत, किंवा पाच वर्षांच्या आत कंपनीला सामूहिक वाटाघाटी करायला भाग पडलं, तर ते पैसे तुमच्याकडून वसूल होतील. दुसरी अट पुन्हा वाचावी. युनियन कुणी आणली याच्याशी देणंघेणं नाही. आली की प्रत्येकाच्या खिशातून १५ हजार. सहकाऱ्याला सहकाऱ्याचा पहारेकरी करायचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

वैमानिक युनियनमार्फत लेबर कोर्टात गेले आणि तिथे त्यांची बाजू उचलली गेली. कंपनी लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २००७ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कंपनीच्या आतल्या समित्यांशी होणारी बोलणी हीही सामूहिक वाटाघाटी ठरू शकते, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याहून बोचरा भाग दुसरा होता: लेबर कोर्टापुढे एकाही वैमानिकाने प्रत्यक्ष साक्ष दिलेली नव्हती, सगळं युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी सांगितलेलं, आणि न्यायालयाने ती त्रुटी धरली. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. पण साक्षीला उभं राहायचं म्हणजे नाव सांगायचं, आणि नाव सांगायची भीती हेच तर मूळ दुखणं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, तीही शपथेवर.

मग डेन्मार्क. जुलै २०१५ मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने ठरवलं की युनियनना रायनएअरविरुद्ध बहिष्कार पुकारता येईल. कंपनीने दोनच आठवड्यांत कोपनहेगनचा बेस गुंडाळला, पाठोपाठ बिलुंडचाही. डेन्मार्कची उड्डाणं चालूच राहिली, फक्त विमानं आणि वैमानिक दुसऱ्या देशांतून येऊ लागले. युरोपभरच्या बेसवर हा निरोप स्पष्ट वाचला गेला: तुम्ही जिंकाल, आणि तुमचा बेस जाईल.

नऊ महिन्यांचं वर्ष

युरोपीय नियमांनुसार वैमानिकाने एका कॅलेंडर वर्षात ९०० तासांपेक्षा जास्त उडायचं नसतं. रायनएअर आपलं वर्ष एप्रिल ते मार्च असं मोजत असे. उन्हाळी गर्दीत भरपूर उडवायचं, हिवाळ्यात विमानं कमी झाली की सुट्ट्या द्यायच्या. आयरिश नियामकाने जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरायला सांगितलं आणि बदल १ जानेवारी २०१८ पासून लागू व्हायचा होता. त्यामुळे मधलं वर्ष एप्रिल ते डिसेंबर, नऊच महिन्यांचं उरलं. वर्षाच्या सुट्ट्या नऊ महिन्यांत बसवायच्या, आणि त्यातले निम्मे महिने ऐन हंगामाचे.

हे आदल्या दिवशी कळलेलं नव्हतं. वर्षभर आधी कागदावर आखता आलं असतं. पण ज्या कंपनीत प्रत्येक मिनिटाचा हिशेब लावलेला असतो तिथे राखीव माणूस म्हणजे उधळपट्टी. सप्टेंबरमध्ये रोस्टरला भोकं पडायला लागली तेव्हा भरायला कुणी नव्हतं.

त्यात वैमानिक सोडूनही जात होते. नॉर्वेजियन या प्रतिस्पर्धी विमानकंपनीने त्या वर्षी रायनएअरचे १४० वैमानिक घेतल्याचं जाहीर केलं. रायनएअरचं म्हणणं, आमच्याकडे तुटवडा नाही, हा केवळ सुट्ट्यांचा घोळ आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. राखीव माणसं पुरेशी असती तर सुट्ट्यांचा घोळ बातमीच झाला नसता.

पहिल्या फेरीत सुमारे ३ लाख १५ हजार प्रवाशांची तिकिटं रद्द झाली. २७ सप्टेंबरला दुसरी घोषणा: नोव्हेंबर ते मार्च २५ विमानं कमी उडणार, ३४ मार्ग थांबणार, आणखी सुमारे ४ लाख प्रवाशांना फटका.

बारा हजार युरो, आणि तरी नकार

कंपनीचा पहिला उपाय तिच्या स्वभावाला धरून होता. कॅप्टनला १२ हजार युरो, फर्स्ट ऑफिसरला ६ हजार. बदल्यात दहा दिवसांची सुट्टी सोडून कामावर या. बऱ्याच वैमानिकांनी ही रक्कम नाकारली.

बाहेरून हे आडमुठेपणाचं वाटलं असेल, म्हणून एका फर्स्ट ऑफिसरच्या जागी बसून हिशेब करू. त्याने ७३७ च्या टाइप रेटिंगसाठी, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायच्या परवान्यासाठी, स्वतःच्या खिशातून तीसेक हजार युरो घातलेत, बहुधा कर्ज काढून. आजवर तो गप्प राहिला, कारण बोललो तर बदली अडेल, कॅप्टनकीची पाळी मागे पडेल, कंत्राटी असेल तर तासच कमी मिळतील. या सगळ्या गोष्टी कंपनीच्या मर्जीवर होत्या. जुन्या कंपन्यांत ज्येष्ठतेची यादी असते. कोण कुठल्या बेसला जाईल, कोणाची बढती आधी, सुट्टी आधी कोणाला, हे तिच्यावरून ठरतं. रायनएअरमध्ये अशी बंधनकारक यादी नव्हती. म्हणून पगार वाढला तरी भीती कमी होत नव्हती.

सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच्या या हिशेबातला एकच आकडा बदलला. काढून टाकलं तर काय, या प्रश्नाला उत्तर मिळालं: नॉर्वेजियन घेईल, दुसरं कुणी घेईल. आणि कंपनीला तो आता हवाच होता. एका कॅप्टनने सुट्टीच्या दिवशी फोन उचलला नाही तरी कुठेतरी १८९ प्रवासी ताटकळणार होते. संप पुकारायची गरज नव्हती. हक्काची सुट्टी घेणं पुरेसं होतं. बेसमधल्या भिंती व्हॉट्सअॅपच्या गटांनी आधीच पोखरल्या होत्या. कुठल्या बेसला काय सांगितलं जातंय हे आता तासाभरात सगळीकडे कळत होतं.

ओ'लिअरी यांनी हातभारच लावला. २१ सप्टेंबरच्या वार्षिक सभेत त्यांनी वैमानिकांच्या थकव्याच्या तक्रारी उडवून लावल्या. आठवड्याला सरासरी १८ तास उडणाऱ्याला कसला थकवा, असा त्यांचा सूर होता. ९०० ला ५२ ने भागलं की सतराच्या वर येतात, आकडा चूक नाही. पण हे तास विमान जागचं हलल्यापासून मोजले जातात. पहाटेचं रिपोर्टिंग, दिवसाला चार उड्डाणं, मधली २५-२५ मिनिटं, उशीर, त्यात जाणारी ड्यूटी वेगळी. हे वैमानिकाला सांगावं लागत नाही आणि सभेतल्या भागधारकाला सांगून उपयोग नसतो. पुढच्या महिन्यात ओ'लिअरींनी वैमानिकांना पत्र लिहून माफी मागितली, चांगल्या पगाराचं आश्वासन दिलं. ऑपरेशन्सचे प्रमुख पायउतार झाले, त्या जागी मलेशिया एअरलाइन्समधून पीटर बेल्यू यांना परत बोलावलं.

आता पैसा टेबलावर होता. अट जुनीच: बेसनिहाय बोला, आपापल्या ईआरसीमार्फत. काही बेसनी वाढ स्वीकारली, काहींनी नाकारली. वैमानिकांनी सगळ्या बेसची मिळून एक युरोपीय परिषद उभी केली. कंपनीने तिला ओळख दिली नाही. या शरद ऋतूतला खरा वाद इथे होता. किती पैसे, हा प्रश्न जवळपास सुटला होता. बोलायचं कोणाशी, हा सुटत नव्हता.

योगायोग असा की पहिल्या घोषणेच्या आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, युरोपीय न्यायालयाने शार्लरुआ बेसवरच्या केबिन क्रूच्या खटल्यात म्हटलं होतं की विमानाची नोंदणी कुठली यावरून कामाची जागा ठरत नाही. कर्मचाऱ्याचा होम बेस हा महत्त्वाचा निकष आहे. म्हणजे बेल्जियममधून उडणाऱ्याला बेल्जियमच्या न्यायालयात जाता येईल. वैमानिकांचा हा खटला नव्हता, पण सगळे करार आयरिश या भिंतीला तडा गेला.

डिसेंबर

परिषदेला कंपनी दाद देत नाही म्हटल्यावर वैमानिक आपापल्या देशातल्या जुन्या युनियनकडे गेले. इटलीत आन्पाक या वैमानिक युनियनने १५ डिसेंबरला चार तासांचा संप जाहीर केला. डब्लिनच्या कॅप्टननी आयाल्पा या आयरिश युनियनमार्फत २० डिसेंबर ठरवला. जर्मनी आणि पोर्तुगालमध्येही तयारी सुरू झाली. नाताळच्या आधीचा आठवडा. सप्टेंबरमध्ये सात लाखांवर प्रवाशांना दुखावलेली कंपनी आणखी एक फेरी सोसण्याच्या स्थितीत नव्हती. इटलीतल्या कर्मचाऱ्यांना आधी लेखी ताकीद गेली की संपात उतराल तर ठरलेलं रोस्टर, बदली, बढती सगळं धोक्यात. मग १५ तारखेलाच आयर्लंड, ब्रिटन, जर्मनी, इटली, स्पेन आणि पोर्तुगालच्या युनियनना बोलणीचं पत्र. शेअर त्या दिवशी जोरात आपटला.

पत्रात एक अट होती: युनियनने बोलणीसाठी रायनएअरच्याच वैमानिकांची समिती नेमावी, प्रतिस्पर्धी कंपन्यांचे वैमानिक समोर चालणार नाहीत. आयाल्पात एअर लिंगस या प्रतिस्पर्धी आयरिश कंपनीच्या वैमानिकांचं वजन मोठं, म्हणून हा टोला. पण त्यात तथ्यही आहे. आपली गुपितं प्रतिस्पर्ध्याच्या नोकरासमोर उघडायला कोणती कंपनी राजी होईल? दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ज्याचं पोट समोरच्या कंपनीवर नाही असाच माणूस अशा टेबलावर न घाबरता बोलू शकतो. जर्मनीत युनियनच्या पथकातल्या दोन नावांना हरकत घेतली गेली, बोलणी फिसकटली, आणि २२ डिसेंबरला पहाटे चार तासांचा संप झाला. रायनएअरमधला हा वैमानिकांचा पहिला संप. उड्डाणांवर परिणाम फारसा झाला नाही.

मान्यतेनंतर

३० जानेवारी २०१८ ला ब्रिटनच्या बाल्पा या वैमानिक युनियनशी पहिला मान्यता करार झाला. आयर्लंडमध्ये मात्र गाडी अडली ती ज्येष्ठतेवर: बदल्या, वार्षिक सुट्ट्या, बढत्या यांना पारदर्शक नियम हवेत. १२ जुलैला डब्लिनच्या वैमानिकांनी पहिला एकदिवसीय संप केला आणि तिथे जुनी घडण पुन्हा कंपनीच्या कामी आली. डब्लिनच्या साडेतीनशेच्या आसपास वैमानिकांपैकी संपात होते सुमारे शंभर, थेट नोकरीतले युनियनचे सदस्य. बाकीच्यांत कंत्राटींचा मोठा भरणा. त्या दिवशी आयर्लंडच्या सुमारे २९० उड्डाणांपैकी ३० रद्द झाली, एवढंच.

२५ जुलैला कंपनीने डब्लिनचा हिवाळी ताफा ३० वरून २४ विमानांवर आणण्याचं जाहीर करून सुमारे शंभर वैमानिक आणि दोनशेहून अधिक केबिन क्रूला नोटिसा धाडल्या. कोपनहेगनचीच छोटी आवृत्ती. या वेळी माणसं मागे हटली नाहीत. १० ऑगस्टला आयर्लंडसह जर्मनी, बेल्जियम, स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये एकाच दिवशी संप झाला, सुमारे ४०० उड्डाणं रद्द झाली. एक बेस बंद करून दुसऱ्यावरून विमान आणायची युक्ती पाच देशांत एकदम चालत नाही. शेवटी मध्यस्थ कीरन मल्वी यांच्यासमोर २२ तास बसून २३ ऑगस्टच्या सकाळी तोडगा निघाला आणि नोटिसाही मागे घेतल्या गेल्या.

वारं फिरल्यावर

इथेच हे प्रकरण बहुतेक ठिकाणी संपवतात. मार्च २०१९ मध्ये ७३७ मॅक्स या बोइंगच्या नव्या विमानांच्या उड्डाणांवर जगभर बंदी आली. रायनएअरची मॅक्स विमानं यायची थांबली, आणि उन्हाळ्यात ओ'लिअरींनी सांगितलं की सुमारे ५०० वैमानिक जास्तीचे आहेत. त्या ऑगस्टमध्ये आयरिश वैमानिकांनी संप ठरवला. डब्लिनच्या उच्च न्यायालयाने मनाई केली. लंडनच्या न्यायालयाने त्याच दिवशी बाल्पाचा संप अडवायला नकार दिला, संप झाला, आणि कंपनीची विमानं तरीही उडत राहिली. युनियन तीच, मान्यता कायम, माणसंही बहुतेक तीच. २०१७ मध्ये न उचललेला एक फोन जे करत होता ते आता दोन दिवसांचा संप करू शकत नव्हता.

जुलै २०२० मध्ये, कोविडने विमानं उभी असताना, बाल्पाच्या रायनएअरमधल्या सदस्यांनी २० टक्के पगारकपात ९६ टक्के मतांनी मंजूर केली. कपात चार वर्षांत टप्प्याटप्प्याने भरून निघायची होती आणि बदल्यात ब्रिटनमधल्या सुमारे २६० वैमानिकांच्या नोकऱ्या वाचणार होत्या. २०१७ च्या आधी ही कपात बेसबेसवर पत्राने आली असती. या वेळी ती मतपेटीतून गेली, आणि कंपनीला युनियनची सही लागली.